ग्रासरीने बॅच गेली, आणि त्याच कुळातील विषाणूपासून लस बनते असे कळले: जाणकारांनी सविस्तर सांगावे

तुतीकाठ, वाळवा तालुका

नमस्कार मंडळी. माझी दीड एकर तुती आहे आणि गेली सहा वर्षे मी रेशीम कीटक संगोपन करतो. गेल्या महिन्यात दीडशे अंडीपुंजांची बॅच पाचव्या अवस्थेच्या चौथ्या दिवशी ग्रासरीने, म्हणजे रेशीम अळीच्या विषाणूजन्य रोगाने, गेली. आदल्या संध्याकाळी पाला टाकताना काही अळ्या खाणे सोडून रॅकच्या कडेकडेने फिरताना दिसल्या होत्या, पण दिवसभर उकाडा होता म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले. सकाळी पाहतो तर कातडी ताणून चकचकीत झालेली, वळ्यांमधले सांधे बांगडी भरल्यासारखे फुगलेले आणि रंग पिवळसर. उचलताना बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी कातडी फाटून दुधासारखा पांढरा द्रव पाल्यावर सांडत होता. तीन दिवसांत सगळे रॅक रिकामे करावे लागले आणि अळ्यांना कोष विणायला द्यायच्या चंद्रिका तशाच दोरीला टांगलेल्या राहिल्या.

तो द्रव मी एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे नेला. त्यांनी काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, तेव्हा दिसणारे सबंध वर्तुळ खडीसाखरेच्या चुऱ्यासारख्या चमकणाऱ्या, बहुतेक सहा बाजूंच्या कणांनी भरून गेले होते. हा बॅक्युलोव्हायरस कुळातील विषाणू आहे आणि याच कुळातील विषाणू वापरून माणसांच्या लसी तयार होतात, असे त्यांनी सांगितले. ज्याने माझे चार आठवड्यांचे कष्ट मातीत घातले, त्याचाच भाऊबंद लसीच्या कारखान्यात काम करतो हे नेमके कसे, ते मला समजून घ्यायचे आहे. शिवाय साफसफाई करताना तो द्रव माझ्या आणि घरच्यांच्या हातांवर उडाला होता, त्याची धास्ती घरात अजून आहे. आणि शेजारच्या रानात हरभऱ्यावर एनपीव्ही नावाचा विषाणू फवारतात, तो माझ्या अळ्यांना बाधेल का, हेही कृपया सांगावे.


कीटकशास्त्र, कराड

तुतीकाठ, आपले नुकसान वाचून वाईट वाटले. आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले कण हेच या सगळ्या विषयाचे मूळ आहे, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

ते कण म्हणजे एकेक विषाणू नव्हे. विषाणू त्याहून कितीतरी लहान, काठीच्या आकाराचा असतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. लॅटिन भाषेत काठीला बॅक्युलम म्हणतात, त्यावरून कुळाचे नाव पडले. आपण पाहिला तो प्रथिनाचा स्फटिक होता, आणि अशा प्रत्येक स्फटिकात अनेक विषाणू बेदाण्यांसारखे रोवलेले असतात. ज्या प्रथिनाचा हा स्फटिक बनतो त्याला पॉलिहेड्रिन म्हणतात. अळी मरून, कुजून, वाळून गेली तरी स्फटिकातला विषाणू मातीत, भिंतीच्या भेगांत आणि रॅकच्या सांध्यांत दीर्घकाळ टिकून राहतो, कारण स्फटिक सहजासहजी विरघळत नाही.

तो विरघळतो ते अळीच्या पोटात. आपल्या जठरात आम्ल असते, पण पतंगवर्गीय अळीच्या मध्यांत्रात तीव्र अल्कली असते आणि तिथला सामू (पीएच) दहाच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. पाल्याबरोबर गिळलेला स्फटिक तिथे फुटतो, विषाणू मोकळे होऊन आतड्याच्या पेशींत शिरतात आणि पेशीच्या केंद्रकात आपली संख्या वाढवू लागतात. यानंतरचा भाग विलक्षण आहे. पहिल्या टप्प्यात पेशीतून जे विषाणू बाहेर पडतात ते स्फटिकाविना, पेशीच्याच पटलाची खोळ पांघरून निघतात, कारण त्यांना त्याच अळीच्या शरीरात पेशीपेशीतून पसरायचे असते. अखेरच्या टप्प्यात विषाणू पवित्रा बदलतो आणि पेशीची यंत्रणा पॉलिहेड्रिन बनवण्याच्या कामाला जुंपतो, कारण आता त्याला या अळीतून बाहेर पडून पुढच्या अळीची वाट पाहायची असते. आपल्या बोटांवर सांडलेल्या द्रवाला दुधाचा पांढरेपणा आला तो या स्फटिकांमुळे.

म्हणजे स्फटिक ही विषाणूची बाहेरच्या प्रवासाची शिदोरी आहे. प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढवलेल्या पेशींमध्ये विषाणूला बाहेर पडण्याचे कारणच नसते, तिथे तो पॉलिहेड्रिनवाचून खुशाल वाढतो. हे ध्यानात आल्यावर संशोधकांना जी कल्पना सुचली तिथून लसीकडची वाट सुरू होते. ती वाट प्रत्यक्ष त्या कामात असलेल्या सभासदांनी सांगावी.

हरभऱ्याबद्दल आपण निश्चिंत राहावे. हरभऱ्यावर फवारतात तो एचएएनपीव्ही घाटे अळीचा आणि तिच्या अगदी जवळच्या भाऊबंदांचा विषाणू आहे, रेशीम अळीला तो लागत नाही. बीटी जिवाणूच्या फवाऱ्यापासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. बीटी हा जिवाणू १९०१ मध्ये जपानात सर्वप्रथम सापडला तोच मुळी मेलेल्या रेशीम अळ्यांत, आणि त्याचा तुषार तुतीवर आला तर बॅच हातची जाईल. ‘जैविक’ या एका शब्दाखाली या दोन्ही गोष्टी एकाच फळीवर विकायला ठेवतात, याची मला नेहमी काळजी वाटते.


सूक्ष्मदर्शी, मूळ गाव तासगाव, सध्या पुणे

मी पुण्याजवळ लसनिर्मितीच्या क्षेत्रात कीटकपेशींवर काम करतो, म्हणून पुढचा भाग मी लिहितो.

अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी पॉलिहेड्रिनचे जनुक काढून त्याच्या जागी माणसाच्या बीटा इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाचे जनुक बसवले आणि १९८३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पॉलिहेड्रिनच्या जनुकाला एक फार जोरकस प्रवर्तक असतो, म्हणजे ‘हे प्रथिन भरपूर बनवा’ अशी आज्ञा देणारा भाग. तो त्यांनी जागेवरच ठेवला. त्यामुळे झाले असे, की अखेरच्या टप्प्यात विषाणूने नेहमीप्रमाणे आज्ञा सोडली आणि पेशींनी स्फटिकाऐवजी इंटरफेरॉन बनवले. त्याच सुमारास आयडाहो विद्यापीठात लॉइस मिलर यांनीही या विषाणूचा परक्या जनुकांचा वाहक म्हणून वापर पुढे नेला. आज जगभर वापरतात तो विषाणू अल्फाल्फाच्या पिकावरील एका अळीचा आहे. त्याची सुमारे १ लाख ३४ हजार अक्षरांची संपूर्ण जनुकसंहिता १९९४ मध्ये वाचून झाली. एवढा मोठा आणि लवचिक डीएनए असल्यामुळे त्यात लांबलचक परके जनुकही मावते.

आता पेशींविषयी. सर्वांत जास्त वापरली जाणारी पेशीमाला, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मुळाच्या पेशी, एसएफ-९ या नावाने ओळखली जाते. एसएफ म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजेच आपल्याकडची अमेरिकन लष्करी अळी! तिच्या कोषातील अंडाशयाच्या ऊतींपासून ही पेशीमाला अमेरिकेत तयार झाली. २०१८ मध्ये ही अळी भारतात आली आणि आमच्या मक्याच्या पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साठलेली दिसू लागली, तेव्हा वडिलांनी फोन करून तिचे नाव विचारले होते. त्या वेळी मी हातात पेशींचा जो चंबू धरून उभा होतो त्यावर तेच नाव लिहिलेले होते. तो क्षण मी विसरलेलो नाही.

या पेशी साधारण २७ ते २८ अंश सेल्सिअसला वाढतात, त्यांना सस्तन प्राण्यांच्या पेशींप्रमाणे कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा लागत नाही, आणि त्या द्रवात तरंगत वाढत असल्यामुळे लहान चंबूतून मोठ्या टाकीत नेणे सोपे जाते. विषाणू घातल्यावर एका दिवसात पेशींची विभागणी थांबते आणि त्यांचा व्यास वाढू लागतो. पेशी मोजण्याच्या यंत्रावर तो वाढलेला व्यास दिसला की विषाणू नीट लागला याची आम्हाला पहिली खूण पटते. दोन ते तीन दिवसांत प्रथिन काढणीला येते. त्याहून उशीर केला तर पेशी फुटतात, त्यांच्यातील पाचकद्रव्ये बाहेर येतात आणि बनवलेल्या प्रथिनाचेच तुकडे पडू लागतात, त्यामुळे काढणीची वेळ साधणे हे या कामातले खरे कसब आहे.

या मार्गाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांवरील सर्व्हारिक्स ही लस तयार झाली आणि तिला २००७ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. तिचे प्रथिन कोबीवरील एका उंटअळीच्या पेशींत बनते आणि आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा तयार करते, ज्यात रोग पसरवणारे जनुकीय द्रव्य मुळीच नसते. फ्लूब्लॉक ही फ्लूची लस अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीत मंजूर झाली. फ्लूच्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, त्यासाठी अंड्यांचा मोठा साठा लागतो आणि अंड्यात वाढताना विषाणूच्या प्रथिनात बदलही होऊ शकतो. कीटकपेशींच्या मार्गात या दोन्ही अडचणी टळतात.

आणि आपल्या ओळखीची लस म्हणजे कोव्होव्हॅक्स. मूळ लस नोव्हाव्हॅक्सची, भारतात ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि २०२१ च्या डिसेंबरअखेर तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिच्यातील करोना विषाणूचे काटेरी प्रथिन एसएफ-९ पेशींत बनते. एका मात्रेत हे प्रथिन केवळ ५ मायक्रोग्रॅम असते. जोडीला प्रतिकारशक्ती चेतवणारे ५० मायक्रोग्रॅम द्रव्य असते, ते चिलीमधील एका झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून काढतात. रिठ्याला फेस आणणारे द्रव्य याच जातकुळीचे.


माणदेशी, दहिवडी

मी हरभरा आणि तूर करतो आणि चार हंगामांपासून एचएएनपीव्ही वापरतो, म्हणून रानातली बाजू लिहितो. पहिल्या वर्षी मला त्याचा काहीही गुण आला नाही आणि मी विषाणूलाच दोष देत होतो. नंतर ध्यानात आले की ज्या दुकानातून बाटली घेतली तिथे ती समोरच्या काचेच्या कपाटात दिवसभर उन्हात उभी असे. उन्हातील अतिनील किरण या विषाणूला एक-दोन दिवसांत निकामी करतात. आता मी सावलीत ठेवलेली, ताज्या तारखेची बाटली घेतो आणि ऊन कलल्यावरच फवारतो.

शिफारस हेक्टरी २५० एलईची आहे. एक एलई म्हणजे ६०० कोटी स्फटिक. पाण्यात थोडा गूळ मिसळावा, म्हणजे अळी पाला आवडीने खाते, कारण हे औषध अळीच्या अंगावर पडून काम करत नाही, ते तिच्या पोटातच जावे लागते. कपड्यांची नीळही घालतात, ती विषाणूला उन्हापासून काही काळ आडोसा देते. अळी लहान असतानाच फवारणी करावी. मोठ्या अळीला विषाणू लागला तरी मरेपर्यंत ती घाटे पोखरत राहते. लहान अळीलाही मरायला चार ते सात दिवस लागतात, आणि तेवढा धीर धरणे ज्याला जमत नाही तो तिसऱ्या दिवशी रासायनिक औषध मारतो आणि विषाणूचा गुण कधी पाहतच नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी पहाटे रानात गेलो की शेंड्यावर मागच्या पायांनी चिकटून डोके खाली लोंबणाऱ्या काळ्या पडलेल्या अळ्या दिसतात. त्या मरताना शेंड्यावरच का चढतात, हे मला कोणी सांगेल का?


कीटकशास्त्र, कराड

माणदेशी, आपला प्रश्न या संशोधनातील सर्वांत सुंदर प्रश्नांपैकी एक आहे. या विषाणूंकडे ईजीटी नावाचे एक जनुक असते. कात टाकण्यासाठी अळीच्या शरीरात जे संप्रेरक लागते ते या जनुकामुळे निष्प्रभ होते. निरोगी अळी कात टाकण्याच्या वेळी खाणे थांबवते. विषाणू लागलेली अळी मात्र खातच राहते, वाढत राहते, आणि विषाणूला अधिक पीक मिळते. २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर दाखवले की हे जनुक काढून टाकलेल्या विषाणूची बाधा झालेल्या अळ्या मरताना उंच चढत नाहीत आणि ते परत बसवले की पुन्हा चढतात. शेंड्यावर अळी फुटली की स्फटिक खालच्या सगळ्या पानांवर ठिबकतात. एका जनुकाने दुसऱ्या जिवाचे वागणे बदलावे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

या पद्धतीचा आवाका पाहायचा असेल तर ब्राझील पाहावे. तिथे सोयाबीनवरील एका अळीचा विषाणू १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवला गेला आणि ऐन भरात तो वर्षाला सुमारे २० लाख हेक्टरांवर वापरला जात होता. कृष्णाकाठी सोयाबीनचे क्षेत्र इतके असताना आपल्याकडे तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा एनपीव्ही वेळेवर आणि खात्रीचा मिळणे अवघड व्हावे, हे मला पटत नाही. विषाणू जिवंत अळ्यांमध्येच वाढवावा लागतो, त्यामुळे त्याचे उत्पादन कष्टाचे आहे हे मान्य करूनही मी असे म्हणतो.


वैद्यकी, मिरज

तुतीकाठ, आपल्या घरच्यांना निःशंक मनाने सांगा की ग्रासरीचा विषाणू माणसाला रोग करत नाही. त्यामागचे कारणही सांगते. बॅक्युलोव्हायरस माणसाच्या पेशीत शिरू शकतो, यकृताच्या पेशींत तो शिरतो हे १९९५ मध्ये दिसून आले. पण तिथे त्याला आपली संख्या वाढवता येत नाही. शिवाय रक्तात गेलाच तर आपल्या रक्तरसातील पूरक प्रथिनांची यंत्रणा त्याला चटकन नष्ट करते. आतड्यातून शिरायचे तर त्याला अळीचे अल्कलीयुक्त आतडे लागते. हात साबणाने धुवावेत ते आपल्यासाठी, आणि त्याहून अधिक पुढच्या बॅचमधील अळ्यांसाठी.

वरच्या चर्चेत एक भर घालते, म्हणजे गैरसमज राहणार नाही. एचपीव्हीच्या सगळ्याच लसी कीटकपेशींत बनत नाहीत. भारतात बनलेली सर्व्हाव्हॅक ही लस यीस्टमध्ये बनते. रुग्णांच्या आया मला ‘ही किड्यांची लस आहे का’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगते की बाटलीत कीटकही नसतो आणि विषाणूही नसतो, गाळून शुद्ध केलेले एक प्रथिन असते, आणि ते घेऊन आपले शरीर खऱ्या विषाणूची ओळख पटवून ठेवते.

या तंत्राची एक मर्यादाही आहे. आपल्या पेशी प्रथिनांवर साखरेच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या जोडतात, कीटकपेशी त्या आखूड ठेवतात. लसीच्या बाबतीत हे बहुधा चालून जाते. वारंवार शिरेतून द्यायच्या औषधी प्रथिनांच्या बाबतीत मात्र या साखळ्यांवर प्रथिन रक्तात किती टिकेल ते ठरते, म्हणून तिथे अजूनही सस्तन प्राण्यांच्या पेशींनाच पसंती मिळते.

जनुकोपचाराकडेही लक्ष वेधते. शरीरात दुरुस्त जनुक पोहोचवण्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू वाहक म्हणून वापरतात, आणि तो मोठ्या प्रमाणावर कीटकपेशींत बनवता येतो. युरोपात २०१२ मध्ये मंजूर झालेला ग्लायबेरा हा उपचार याच पद्धतीने तयार झाला होता, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला हिमोफिलिया बी या रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक रोगावरील हेमजेनिक्स हाही. त्याची किंमत मात्र एका रुग्णामागे ३५ लाख डॉलर ठेवली गेली. गुडघ्यात रक्त साकळून सुजलेला पाय घेऊन येणाऱ्या मुलाच्या वडिलांना हा आकडा सांगण्याचे धाडस मला होत नाही.


मधपाळ, जावळी

चर्चा फार उपयोगाची चालली आहे. मी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. आमच्याकडील विषाणूला आम्ही थाई सॅकब्रूड म्हणून ओळखतो. त्यात अळीचे कोषात रूपांतर होत नाही, ती पोळ्यातल्या आपल्या घरातच ताठ उभी मरते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती याने नष्ट झाल्या. महाबळेश्वर परिसरातील जुने मधपाळ आजही त्याचे नाव काढले की गंभीर होतात. हाही बॅक्युलोव्हायरसच आहे का, आणि याचा औषधासाठी काही उपयोग होतो का?


कीटकशास्त्र, कराड

मधपाळ, तो वेगळ्या कुळातील आरएनए विषाणू आहे, आणि तो स्फटिक बनवत नाही. त्याचा औषधनिर्मितीत वापर नाही. पण कीटकांच्या विषाणूंचे जग बॅक्युलोव्हायरसपुरते नाही हे आपण बरोबर ध्यानात आणून दिले. नारळावरील गेंड्या भुंग्याचा विषाणू १९६३ मध्ये मलेशियात सापडला आणि पॅसिफिक बेटांवर तो सोडून भुंग्याला आवर घालण्यात आला.

आणि एक गोष्ट आपल्या शेजारच्या पुण्याची आहे, ती मला आवर्जून सांगावीशी वाटते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, जे आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशीमाला तयार केल्या. त्यांपैकी एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींपासून पुढे निवडलेली सी६/३६ ही शाखा आज जगभरच्या प्रयोगशाळांत डेंगी आणि चिकुनगुन्याचे विषाणू वेगळे करण्यासाठी वापरतात. डासांत फक्त डासांपुरते राहणारे, माणसाच्या पेशीत वाढूच न शकणारे विषाणूही असतात. २०१२ मध्ये वर्णन झालेला आयलाट विषाणू हा त्यांतला एक. त्याच्या अंगावर चिकुनगुन्याची बाह्य प्रथिने चढवून केलेली प्रायोगिक लस प्राण्यांवरील चाचण्यांत प्रभावी ठरली, आणि तो माणसात वाढत नाही हीच तिच्या सुरक्षिततेची भिस्त आहे.


सूक्ष्मदर्शी, पुणे

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या क्षेत्रातील एक अडचणीची गोष्टही इथे नोंदवणे मला कर्तव्य वाटते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी दाखवले की एसएफ-९ पेशींमध्ये एक रॅब्डोव्हायरस (रेबीजच्या विषाणूच्या कुळातला) वर्षानुवर्षे लपून वाढत होता आणि कोणाच्याही लक्षात आला नव्हता. तो माणसाच्या पेशींत वाढत असल्याचे दिसले नाही, आणि शुद्धीकरणाच्या टप्प्यांत विषाणू काढून टाकण्याची सोय असतेच. तरीही त्यानंतर या विषाणूपासून मुक्त पेशीमाला शोधून वेगळ्या केल्या गेल्या. जे तपासून पाहिले नाही ते नाही असे समजू नये, हा धडा आम्हाला त्यातून मिळाला.


तुतीकाठ, वाळवा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. घरी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, आणि मिरजेच्या ताईंचे उत्तर ऐकल्यावर आईने पुन्हा संगोपनगृहात पाऊल ठेवले.

स्फटिक अल्कलीत विरघळतो हे कळल्यावर निर्जंतुकीकरणाच्या द्रावणात चुना का घालायला सांगतात ते आता उमगले. आजवर मी नुसती ब्लिचिंग पावडर टाकून मोकळा होत असे. या वेळी २ टक्के ब्लिचिंग पावडर आणि ०.३ टक्के विरी गेलेला चुना यांचे द्रावण करून भिंती, रॅकचे सांधे, चंद्रिका आणि दारासमोरची फरशीसुद्धा भिजेल इतके फवारले आहे. मेलेल्या अळ्या मी सुरुवातीला उकिरड्यावर टाकल्या होत्या, त्या परत गोळा करून चुना घालून खोल पुरल्या. उकिरड्यातले ते खत तुतीला घालावे की नाही, याचे उत्तर मात्र मला अजून हवे आहे.


कीटकशास्त्र, कराड

घालू नये. मातीतील स्फटिक पावसाच्या शिंतोड्यांनी खालच्या पानांवर येतात आणि तोच पाला आपण आत नेता. ते खत तुतीपासून दूर, उसाला द्यावे. पुढच्या बॅचला जमिनीलगतची पाने घेऊ नयेत, आणि प्रत्येक कात टाकून झाल्यावर, पहिला पाला घालण्याआधी, रॅकच्या कडेला फिरणारी एकही अळी दिसली तर तिचा एक पाय तोडून द्रवाचा रंग पाहावा. निरोगी अळीचा थेंब स्वच्छ असतो. तो गढूळ निघाला तर ती अळी त्याच क्षणी चुन्याच्या भांड्यात टाकावी आणि त्या रॅकचा पाला दुसऱ्या रॅकला लावू नये.